छेदात काय घेतलं?

कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतले प्रबंध रांगेनं उभे असतात. त्यातला कुठलाही उघडा. विषय ज्वारीचा असो, कपाशीचा असो की तुरीवरच्या शेंगअळीचा, तक्त्याच्या तळाशी दोन ओळी ठरलेल्या असतात: ‘एस. ई. ±’, म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी, आणि ‘सी. डी. ५ टक्के’, म्हणजे दोन सरासऱ्यांत किमान किती फरक असला तर तो खरा मानायचा ती मर्यादा. जिथे काही हाती लागलं नाही तिथे ‘एन. एस.’ (नॉट सिग्निफिकंट) लिहून विद्यार्थी मोकळा होतो. वाचणाऱ्याचं लक्ष वरच्या सरासऱ्यांवर असतं, पण कोणता वाण खरोखर सरस याचा निवाडा तळाच्या ओळींनी केलेला असतो. आणि त्या ओळी निघतात अनोव्हाच्या तक्त्यातल्या एकाच आकड्यातून, एररच्या मीन स्क्वेअरमधून.

तोंडी परीक्षेत ‘एफ कसा काढलास?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं. ट्रीटमेंटचा मीन स्क्वेअर भागिले एररचा. ‘एरर कशातली घेतलीस?’ असं पुढे विचारलं की गाडी अडते. सॉफ्टवेअरनं दिली ती घेतली, एवढंच बहुतेकांना सांगता येतं. गेल्या शंभर वर्षांत या पद्धतीत ज्या मोठ्या चुका आणि ज्या मोठ्या सुधारणा झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत. हा आढावा त्याच प्रश्नाचा.

सरासरीचा प्रश्न, चढउताराचं उत्तर

व्हेरियन्सला मराठीत कुणी विचरण म्हणतं, कुणी प्रचरण. इथे विचरण म्हणू. रोनाल्ड फिशर यांनी हा शब्द या अर्थानं १९१८ मध्ये रूढ केला, तोही शेतीसाठी नव्हे. नात्यातल्या माणसांमधलं साम्य मेंडेलच्या नियमांनी उलगडतं का, हा त्या निबंधाचा विषय होता. प्रमाण विचलनाऐवजी त्याचा वर्ग हाताळण्याचं त्यांचं कारण साधं होतं. स्वतंत्र कारणांनी आलेले चढउतार वर्गांतच सरळ बेरजेनं एकत्र येतात. ३ आणि ४ अशी दोन स्वतंत्र विचलनं मिळून ७ होत नाहीत, ५ होतात. ९ आणि १६ मिळून मात्र २५ होतात. बेरीज जमते म्हणूनच वाटणीही जमते. एकूण चढउतारापैकी वाणाचा वाटा किती, जमिनीचा किती, हा हिशेब त्या बेरजेवर उभा आहे.

पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, फिशर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगाच्या नोंदींचे ढीग होते. त्या शेतांवर काम करता करता विचरण विश्लेषणाला, म्हणजेच अनोव्हाला, आजचं रूप आलं आणि १९२५ च्या त्यांच्या पुस्तकातून ते जगभर गेलं. ‘एफ’ हे अक्षर मात्र त्यांनी दिलेलं नाही. अमेरिकेतल्या आयोवाचे जॉर्ज स्नेडेकर यांनी फिशर यांच्या सन्मानार्थ ते वापरलं.

पद्धत डोळ्यांसमोर आणायला एक छोटं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून रचलेले आहेत. तीन वाण, प्रत्येकी चार वाफे, उत्पन्न किलोत. अ वाणाचे १०, १२, ११, ११. ब वाणाचे १३, १२, १४, १३. क वाणाचे ११, १३, १२, १२. सरासऱ्या अनुक्रमे ११, १३ आणि १२.

एकाच वाणाच्या चार वाफ्यांत जो फरक दिसतो तो वाणामुळे असूच शकत नाही. तो जमिनीच्या कसाचा, पाण्याच्या पाळीचा, उंदरांचा, काट्यावर पोतं ठेवणाऱ्या हाताचा. आपापल्या सरासरीपासूनचे हे फरक वर्ग करून तिन्ही वाणांचे मिळवले की ६ येतात. प्रत्येक वाणात चारपैकी तीनच आकडे मोकळे असतात, चौथा सरासरीनं बांधला जातो. म्हणून तीन त्रिक नऊ स्वातंत्र्य मात्रा. ६ भागिले ९ म्हणजे ०.६७. हा एका वाफ्याच्या विचरणाचा पहिला अंदाज, म्हणजेच एररचा मीन स्क्वेअर.

दुसरा अंदाज वळणाच्या वाटेनं येतो. वाणांत काहीच फरक नसेल तर ११, १३, १२ या सरासऱ्याही निव्वळ योगायोगानं हललेल्या असणार. चार वाफ्यांच्या सरासरीचं विचरण एका वाफ्याच्या विचरणाचा चौथा हिस्सा असतं. तेव्हा सरासऱ्यांचं विचरण, इथे नेमकं १, चौपट केलं की पुन्हा एका वाफ्याचं विचरण मिळायला हवं. मिळतं ४, हा वाणांचा मीन स्क्वेअर.

एकाच गोष्टीचे दोन अंदाज, ०.६७ आणि ४. वाण सारखे असते तर दोन्ही आसपास आले असते. दुसरा भागिले पहिला हे गुणोत्तर, म्हणजे एफ, ६ आहे, आणि २ व ९ मात्रांसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा ४.२६. म्हणजे वाणांत फरक आहे. वाण वेगळे असतील तर अंश फुगतो. छेदाला वाणांच्या फरकाशी काही देणंघेणं नसतं. अंश हा माल, छेद हा काटा. मालाबद्दल घासाघीस सगळेच करतात, काटा कुणी तपासत नाही.

पट्टे आखले की काय होतं

आता हेच वाण दुसऱ्या शेतात लावू. अ वाणाचे ८, १४, ९, १३. ब वाणाचे ८, १८, ११, १५. क वाणाचे ८, १६, १०, १४. सरासऱ्या पुन्हा ११, १३, १२, म्हणून अंश तोच, ४. वाणांच्या आतल्या वर्गांची बेरीज मात्र १२४ भरते. नऊ मात्रांनी भागून छेद १३.७८ आणि गुणोत्तर ०.२९. लिहा ‘एन. एस.’

पण आकडे आडवे न वाचता उभे वाचा. तिन्ही वाणांचा पहिला वाफा ८. दुसऱ्या वाफ्यांची सरासरी १६, तिसऱ्यांची १०, चौथ्यांची १४. शेत उताराचं आहे. पहिला पट्टा मुरमाड बांधालगतचा, दुसरा ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीतला. पट्ट्यांचा वाटा वेगळा काढला तर १२४ पैकी १२० त्यांच्या नावावर जातात. उरतात ४. नऊ मात्रांपैकी तीन पट्ट्यांनी घेतल्या, सहा राहिल्या. छेद पुन्हा ०.६७, गुणोत्तर पुन्हा ६. मर्यादा तेवढी ५.१४ वर चढली; तीन मात्रांची ही किंमत.

तळाच्या ओळींवर याचा परिणाम बघा. पट्टे न धरता सी. डी. येते ५.९४ किलो, पट्टे धरून १.४१. अ आणि ब यांच्यातला दोन किलोंचा फरक पहिल्या हिशेबात मातीमोल, दुसऱ्यात खणखणीत. सी. व्ही., म्हणजे सरासरीच्या टक्क्यांत मांडलेलं एररचं प्रमाण विचलन, ३१ टक्क्यांवरून ७ टक्क्यांखाली उतरते. पीक तेच, वजनं तीच.

यात एक पथ्य आहे. पट्टे पेरणीआधी आखून प्रत्येक पट्ट्यात वाणांच्या चिठ्ठ्या टाकल्या असतील तरच हा हिशेब चालतो. आकडे हाती आल्यावर सोयीचे पट्टे शोधणं ही लबाडी झाली. विद्यार्थी ज्याला ‘आरबीडी’ म्हणतात ती रचना म्हणजे कोणता चढउतार छेदात येऊ द्यायचा नाही याचा पेरणीपूर्वीच केलेला करार असतो.

फिशर यांनाही दुरुस्ती करावी लागली

शेतातल्या प्रयोगाचं विचरण विश्लेषण पहिल्यांदा छापून आलं १९२३ मध्ये, फिशर आणि विनिफ्रेड मॅकेंझी यांच्या निबंधात. बटाट्याचे १२ वाण आणि त्यांवर खतांचे प्रकार असा तो प्रयोग होता. वाण वाफ्यांना दिलेले होते, पालाशाचे प्रकार त्या वाफ्यांतल्या ओळींना. म्हणजे दोन पातळ्यांवर दोन प्रकारचे चढउतार होते. वाफ्यावाफ्यातला फरक मोठा, एकाच वाफ्यातल्या शेजारशेजारच्या ओळींमधला लहान. त्या निबंधात मात्र सगळ्यांसाठी एकच एरर वापरली गेली. १९२५ च्या पुस्तकात फिशर यांनी याच आकड्यांचं विश्लेषण दोन वेगवेगळ्या एरर घेऊन मांडलं. ज्यानं तक्ता शोधला त्यालाही छेद ओळखायला एक फेरी जास्त लागली.

आज याला स्प्लिट प्लॉट म्हणतात. पाण्याच्या पाळ्या छोट्या वाफ्यांत वेगळ्या ठेवता येत नाहीत, पाणी पाझरतं. म्हणून पाळ्या मोठ्या वाफ्यांना आणि नत्राचे डोस त्यांच्या पोटातल्या छोट्या वाफ्यांना देतात. पाण्याची तुलना ‘एरर अ’शी, नत्राची ‘एरर ब’शी. पाण्यालाही छोटी एरर लावली तर पुष्कळ प्रयोगांत पाणी उगाचच ‘सिग्निफिकंट’ ठरेल. भारतातल्या कृषी पदवीधरांच्या पिढ्या हे गणित शिकल्या त्या वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या पुस्तकातून. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ते १९५४ मध्ये काढलं, आणि ‘पानसे-सुखात्मे’ एवढं म्हटलं तरी कृषी महाविद्यालयात सगळ्यांना कळतं.

झाडं वीस, वाफा एक

छेदाची सर्वांत सहज होणारी चूक याच जातीची आहे. एका वाफ्याला एक खत, दुसऱ्याला दुसरं, आणि प्रत्येकातल्या वीस झाडांची उंची मोजली. तक्त्यात एररच्या ३८ मात्रा दिसतात, छेद लहान येतो, एफ वधारतो. पण खत झाडांना दिलेलं नाही, वाफ्याला दिलेलं आहे. वाफा प्रत्येकी एकच, म्हणून खतासाठीच्या एररला खऱ्या मात्रा शून्य. एकाच वाफ्यातली वीस झाडं म्हणजे एकाच घरातली वीस मतं. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला ‘खोटी पुनरावृत्ती’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रयोगांपैकी २७ टक्क्यांत ती होती. ज्यांनी सांख्यिकी कसोट्या लावल्या होत्या तेवढेच धरले तर ४८ टक्क्यांत. एका तुकडीला नव्या पद्धतीनं शिकवून साठ मुलांचे गुण वापरणारा शिक्षणातला अभ्यासही याच खड्ड्यात पडतो.

हेच वाण की वाणांतले काही

चर्चिल आयझेनहार्ट यांनी १९४७ मध्ये एक भेद स्पष्ट केला. अ, ब, क एवढेच तीन वाण आपल्याला हवे आहेत, की ते शेकडो वाणांमधले नमुने आहेत? पहिल्या प्रकारात परिणाम स्थिर, दुसऱ्यात यादृच्छिक. साध्या तक्त्यात दोन्हींचा एफ सारखाच येतो, म्हणून हा भेद कागदी वाटतो. पण तेच वाण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे लावून बघा. ‘या चार ठिकाणी कोणता सरस?’ या प्रश्नाचा छेद वाफ्यांमधली एरर. ‘महाराष्ट्रात कुठेही कोणता सरस?’ असं विचारलं की ठिकाणं नमुना ठरतात, आणि छेदात यावा लागतो वाण आणि ठिकाण यांच्या परस्परक्रियेचा मीन स्क्वेअर. एक वाण राहुरीत वर आणि दापोलीत खाली असेल तर हा छेद मोठा होतो, आणि व्हायलाच हवा. प्रश्न रुंदावला की काटाही बदलतो.

परिणाम यादृच्छिक धरले की विचरणाचे घटक काढता येतात. वाणांच्या मीन स्क्वेअरमध्ये एररचं विचरण असतंच, वर वाणांच्या विचरणाची चौपट असते, कारण वाफे चार. म्हणून पहिल्या शेतात वाणांचा घटक ४ वजा ०.६७ भागिले ४, म्हणजे ०.८३. दुसऱ्या शेतात पट्टे न धरता हेच केलं तर येतात उणे २.४४. विचरण उणे कसं असेल? असू शकत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर तिथे शून्य छापून पुढे जातात. योगायोगानंही असं होतं, पण आपल्या उदाहरणात तो उणे आकडा नेमकी गोष्ट सांगत होता. प्रत्येक वाणाच्या पोटात चारही पट्टे सामावलेले, म्हणून वाणाच्या आतला फरक वाणावाणातल्या फरकापेक्षा जास्त. शेतावर पट्टे आहेत आणि तुमच्या तक्त्यात नाहीत, ही ती तक्रार होती. शून्यानं ती दाबली जाते.

वाफ्यांची संख्या असमान झाली, काही वाफे वाहून गेले, की ही साधी वजाबाकी कोलमडते. गाई-बैलांच्या आनुवंशिक मूल्यमापनात हा रोजचाच प्रसंग, कारण एका वळूच्या मुली शेकड्यांनी आणि दुसऱ्याच्या चार. चार्ल्स हेंडरसन यांनी १९५३ मध्ये अशा आकड्यांसाठी रीती दिल्या. पॅटरसन आणि थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ‘रेमल’ पद्धत आज सर्वत्र वापरली जाते.

कारखान्यात तर घटक काढणं हेच मुख्य काम असतं. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत ‘गेज आर अँड आर’ करतात. सहसा दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकाची दोनतीनदा मोजणी. पार्टपार्टमधला खरा फरक किती आणि मायक्रोमीटर व हात यांचा किती, हे वेगळं करायचं. मोजणीचा वाटा १० टक्क्यांखाली तर उत्तम, ३० च्या वर तर गेज बाद. हे टक्के प्रमाण विचलनाचे असतात, म्हणून मोजणीचा वाटा ३० आला की पार्टचा ७० येत नाही, ९५ येतो. नवा इंजिनिअर बेरीज करून गोंधळतो. वर्ग करा, ९ आणि ९१, बेरीज जमली.

अंदाजाचा अंदाज

छेद बरोबर निवडला तरी तो आकडा शेवटी अंदाजच आहे. पहिल्या शेतातला ०.६७ नऊ मात्रांवर उभा आहे. त्याची ९५ टक्के विश्वासार्ह कक्षा ०.३२ ते २.२, म्हणजे सात पट. वाणांच्या मीन स्क्वेअरला दोनच मात्रा. वाण नमुना म्हणून धरले तर त्या ४ ची कक्षा १.१ ते १५८. तीन वाणांवरून वाणांच्या विचरणाबद्दल बोलणं म्हणजे तीन घरं बघून गावाचं उत्पन्न सांगणं. सरासरीला ± लावायची सवय सगळ्यांना आहे. विचरणालाही ± असतो, हे फारसं कुणी छापत नाही.

छेद ही सरासरीही आहे, हे विसरू नये. दुसऱ्या शेतातला १३.७८ म्हणजे ८.६७, १९.३३ आणि १३.३३ या तीन वाणांच्या विचरणांची सरासरी. गटांची विचरणं सारखी नसतील तर ही सरासरी कुणाचीच नसते. गट समान आकाराचे असतील तर नुकसान मर्यादित राहतं. लहान गटात चढउतार जास्त असेल तर एफ फुकट वाढतो, मोठ्या गटात जास्त असेल तर दबतो. बार्टलेट यांची १९३७ ची आणि लेव्हीन यांची १९६० ची कसोटी हे तपासते. १९५१ ची वेल्च यांची रीत विचरणं एकत्रच करत नाही.

भाकरीच्या छेदाचा वाद

हा प्रश्न शेतातून थेट भाकरीपर्यंत गेला, तोही पुण्यात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्याला आले होते. गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोज दरडोई २२५० उष्मांक हा निकष धरून देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला. सुखात्मे यांचा आक्षेप सरासरीवर नव्हता, चढउतारावर होता. तोच धडधाकट माणूस तेच काम करत असताना त्याचं खाणं आठवड्याआठवड्याला कमीजास्त होतं, आणि शरीर ते सांभाळून घेतं. मग पाहणीत सरासरीखाली सापडलेला प्रत्येक माणूस उपाशी कसा म्हणायचा? त्यांनी रेषा ओढली ती सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली. उपाशी लोकांची संख्या त्यानं बरीच घटली. टीकाकारांनी विचारलं, पाहणीतला फरक एकाच माणसाच्या आतला आहे हे कशावरून? तो माणसामाणसांतला असेल, तर खाली असलेला नेहमीच खाली असतो, आणि गरिबाचा उपास चढउतार म्हणून पुसला जातो. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हा वाद बरीच वर्षं चालला. दोन्ही बाजू विद्वान होत्या, भागाकाराबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं वाफ्याच्या आतला फरक आणि वाफ्यावाफ्यातला फरक यांत काटा कोणता धरायचा याचं.

हे भांडण मिटवायला माणूस एकदा मोजून भागत नाही. त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, तेव्हाच दोन्ही घटक सुटे होतात. शेतातही तेच, गेजवरही तेच. कोणता चढउतार मोजता येणार आहे हे रचना ठरवते, आणि रचना पेरणीआधीच संपलेली असते. म्हणून प्रबंधातल्या तक्त्याच्या तळाशी आणखी एक ओळ असावी असं वाटतं: एरर कशाकशांतली, किती मात्रांची. छापायला अर्धी ओळ पुरेल. ती लिहिता येत नसेल तर वरच्या सरासऱ्या वाचायची घाई करू नये.